आबांचा पातळ रुपया

मी चाकणला एका कंपनीत प्रेसमधून निघालेले पार्ट तपासते. बारा वर्षं झाली. ओरखडा डायमधूनच, म्हणजे साच्यातूनच आलाय की नंतर ट्रेमध्ये पार्टवर पार्ट आपटून पडलाय, हे मी बोट फिरवून सांगते, आणि सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. ही सवय गेटवर ठेवून घरी यावं, एवढी अक्कल मला नव्हती.

माझे सासरे, आमचे आबा, पिंपरीतल्या एका छोट्या, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंग शॉपमधून रिटायर झाले. लातूरकडून आले आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ॲसिडच्या टाकीवर वाकून घालवली. मागच्या वर्षी त्यांचा खोकला वाढला. थेरगावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणा म्हणून चिठ्ठी दिली, ती चार महिने फ्रिजवर पडून राहिली. नवऱ्यानं समजावलं, सासूबाईंनी अबोला धरला, मी तर रोज त्यांचं डोकं खात होते. आबांचं आपलं एकच. "ॲसिडनं काय होतंय? व्हायचं असतं तर तवाच झालं असतं. कंपनी रोज गूळ देत होती खायला, छाती साफ ऱ्हायला."

रिकामा माणूस आणि हातात मोबाइल. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी टांकसाळीत चुकीची छापली गेलेली, हजारोंना विकली जाणारी नाणी पाहिली आणि घरातले सगळे डबे पालथे घातले. मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी येते न येते तोच समोर वाटीभर चिल्लर हजर. मी वैतागायचे, पण बघायचे. हे कुणीतरी रेल्वेच्या रुळावर ठेवलंय, आबा. हे हातोडीनं ठोकलंय. हे भोक ड्रिलचं आहे, कड बघा कशी वर आलीय. बहुतेक नाण्यांना टांकसाळीबाहेर पडल्यावरच मार बसलेला असतो. एकच खरं निघालं. त्याच्यावरचा छाप सरकून बसला होता आणि एका कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी राहिली होती. त्या दिवशी आबांनी मला स्वतः चहा करून दिला, त्यात साखर घालायची विसरले.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी पाकिटातून कागदाची पुडी काढली. आत स्टीलचा एक रुपया होता. पहिल्या पगारातला. शॉपमध्ये टाकीच्या वर एक फळी होती, तिच्यावर गणपतीचा फोटो, त्या फोटोपुढे हा रुपया पंचवीस वर्षं होता. रिटायर होताना ते तो घरी घेऊन आले होते.

"पातळ हाय बघ," ते म्हणाले. "मिळाला तवापासनं असाच हाय. पातळ पत्र्यावर छापला गेला असणार."

खरं सांगते, मलाही हुरूप आला. रुपया हाताला हलका लागत होता, अक्षरं बारीक झाली होती. मी जाडी-रुंदी मोजायचा माझा व्हर्नियर आणला. नाणं छापताना कोरी चकती एका कड्यात बसलेली असते. वरून दाब पडला की धातू पसरून त्या कड्याला जाऊन भिडतो. त्यामुळे पत्रा पातळ असला तरी नाण्याची रुंदी पुरती भरते. आबांचा रुपया रुंदीलाही कमी होता, पाव मिलिमीटर. वरून, खालून, कडेनं, सगळीकडून सारखाच झिजलेला.

"आबा, याला कधी काही लावलं होतं का?"

"लावायचं काय? दर शनिवारी टाकीत एक बुचकळा द्यायचो. देवाचा रुपया मळका ठेवायचा व्हय? असा चकचकीत निघायचा."

"मग ही टांकसाळीची चूक नाही. ॲसिडनं खाल्लाय हा. रिजेक्ट."

"दोन सेकंदात?"

"दोन दोन सेकंद करत पंचवीस वर्षं."

"पर मी रोज बघत होतो की त्याला. मला कसं दिसलं न्हाई?"

"हळूहळू जातं, आबा. रोज बघणाऱ्याला दिसत नाही."

त्यांनी रुपया परत पुडीत गुंडाळला. मग म्हणाले, "त्यो दोन सेकंद. मी आठ तास."

जीभ हासडून टाकावीशी वाटली मला. माणूस काय लोखंड आहे का, असं काहीतरी मी बोलले. आबा हसले नाहीत.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसले होते, हातात फ्रिजवरची चिठ्ठी. मी रजा टाकली. फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि कामाला कुठे होता म्हणून विचारलं. "ॲसिडच्या टाकीवर," आबा म्हणाले. गुळाचं काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. एवढा उशीर का केलात म्हणाले, उरलंय तेवढं सांभाळू म्हणाले, आणि मग बरंच काही समजुतीचं बोलत राहिले.

बाहेर पायऱ्या उतरताना आबा दोनदा थांबले. खालच्या पायरीवर बसून त्यांनी फोटो माझ्या हातात दिला.

"डॉक्टर गोल गोल बोलतो. तू बघ. तुझ्या कामावर सांगतीस तसं सांग."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डॉक्टरांनी बोट ठेवलेल्या जागा तेवढ्या दिसत होत्या. मी फोटो उन्हात धरला आणि लगेच खाली घेतला.

"चांगला आहे, आबा."

त्यांनी तो दवाखान्याच्या मोठ्या पाकिटात घातला, पाकिटाची घडी नीट दाबली.

"इतक्या लवकर तू कदी काय पास करत न्हाईस," ते म्हणाले.