माझे तुटलेले धागे

त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. इचलकरंजीच्या कारखान्यात आमची भेट फक्त पाळी बदलताना व्हायची. सकाळी तो मला चार माग द्यायचा, संध्याकाळी मी त्याला. पाळी संपत आली की तुटलेले धागे मी तसेच सोडायचो. अंगात त्राण नसायचं, आणि सगळेच तसं करतात. तो मुकाट्यानं वाकून सांधायला लागायचा. सकाळी मात्र शेवटचा धागा सांधून, मागावरची कापसाची लव पुसूनच बाजूला व्हायचा. गळ्यात लाकडी क्रूस, डोळे जागरणानं लाल.

एकदा त्याचं पुसणं संपेना, तेव्हा मी चिडून ओरडलो, "शेठ बघतोय व्हय, पावणं?"

तो कानाशी आला. "शेठसाठी आता पाय उचलत न्हाईत. प्रभूला म्हणतो, तुझंच काम म्हणून जातो. मग कसंबसं होतंय की."

गेल्या महिन्यात तो यायचा बंद झाला. त्याच्या जागी आलेल्यानं पहिल्याच सकाळी माग दिले, तेव्हा जागोजाग धागे तुटलेले, सगळीकडं लव. मी कचकचीत शिवी हासडली.

मग धागे सांधायला वाकलो, आणि वाकल्यावर आठवलं, की त्यानं मला एकदाही शिवी दिली नव्हती.