धोंड्याच्या वाणात शॉकअप

बोरघाट उतरताना माझी जी दाढ दंतवैद्याला दोन वर्षं हलवता आली नव्हती, ती आपणहून सुटली. यंदाच्या अधिकात सासुरवाडीला, कर्जतला, धोंड्याच्या जेवणाला निघालो होतो. मोटार विलायती, वयाने माझ्याहून थोडी लहान. प्रत्येक खड्ड्याला ती अशी उडे की खालून ट्रक निघून जावा.

खोपोलीत बायको उतरली. पदर झटकला आणि म्हणाली, "हे धक्के थांबले तर पुण्याला तुमच्याबरोबर. नाहीतर मी रेल्वेने, आणि या डब्यात पुन्हा जन्मात बसणार नाही." कर्जतलाही ती रेल्वेनेच गेली.

मी पेटलो. नाक्यावरच्या मिस्त्रीने गाडीखाली डोकं घातलं. "साहेब, मागचे दोन्ही शॉकअप मेलेत. हे आता मिळत नाहीत." मी तिथून हलेना, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "कर्जतजवळ कडावला हरीकाका दूधवाल्याकडे बघा. त्यांनी असलीच एक गाडी भंगारात घेतली होती."

सासूबाईंनी वालाचं बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ) इतकं वाढलं की दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या वजनानेच थोडी शांत चालली. बायको कडावला आली, पण एसटीने. आणि माझ्याआधी पोहोचली. मला थापा मारायला एकटं सोडणं तिला धोक्याचं वाटतं.

हरीकाकांच्या अंगणात माझे शॉकअप दिसले. बैलगाडीला लावलेले!

"पयलं कर्जतला जाईस्तोवर निम्म्या दुधाचं लोणी व्हायचं," काका म्हणाले. "आता थेंब हलत नाय. ह्ये मी देनार नाय."

मी सांगितलं, माझी मोटार एका संस्थानिकाच्या राणीसाहेबांची. त्यावर काकांनी बैलांच्या सात पिढ्या सांगितल्या, आणि त्या जास्त खानदानी निघाल्या. दुप्पट भाव दिला, बैलगाडीला नवे स्प्रिंगचे पाटे कबूल केले, गोठा झाडायलाही तयार झालो. काका तंबाखू मळत राहिले.

बायको तेवढ्यात बैलगाडीतून चक्कर मारून आली होती. "काका, द्या हो. मी कर्जतच्या बाजारपेठेतली. धोंड्याला माहेरी आलेय."

काकांचा हात थांबला. "मंग ह्ये जावय?"

"दुसरे कोण?"

"आन मगाधरनं राणीसायेब काय सांगताव, जावयबापू! अधिकात जावय दारातनं रिकामा धाडू व्हय? अगं, तबक आण गं!"

काकांनी बैलगाडीखालचे शॉकअप स्वतः सोडवले, काकूंनी तबक आणलं. त्यात पुसून ठेवलेले दोन शॉकअप, त्यांना हळदकुंकू, शेजारी पेटता दिवा आणि अनारसे. मला पाटावर बसवून वाण दिलं. सासऱ्यांनी दिलेलं चांदीचं निरांजन मी इतक्या भक्तीने घेतलं नव्हतं.

"पण दुधाचं काय?" मी विचारलं.

"तुमचे जुने मिस्त्रीकडनं धाडा. बैलांना सांगीन, जरा सबुरीनं चाला."

खोपोलीच्या मिस्त्रीने ते बसवले. रेल्वेने खोपोलीला आलेल्या बायकोने दार उघडून आत बराच वेळ पाहिलं, मग अनारशांचा डबा मांडीवर घेऊन बसली. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाला नमस्कार करून वर चढू लागलो. प्रत्येक खड्ड्याला मी दात आवळत होतो, आणि ते उगाच आवळलेले राहत होते. खंडाळ्यात शेजारी पाहिलं. बाई झोपली होती!

घर आलं तरी मी तिला उठवलं नाही. पेठेला आणखी दोन वळसे घातले. तिसऱ्याला तिने एक डोळा उघडला, डबा उघडून पाहिला. एकही अनारसा मोडला नव्हता.

"बरी चालते आता," ती म्हणाली. "पण काकांच्या बैलगाडीची सर नाही."