गुरुवारची प्रार्थना कोणी बंद केली

या जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने शालिनीमावशीला आणि तिच्याबरोबरच्या म्हाताऱ्या बायकांना चर्चच्या दारातून परत पाठवलं. कारण काय, तर चर्चच्या हीटरच्या गॅसचं बिल. गेल्या हिवाळ्यापेक्षा ते फारच वाढलं होतं, आणि कमिटीने पहिली कात्री लावली ती भगिनींच्या गुरुवारच्या प्रार्थनेला. शनिवारची बँड प्रॅक्टिस चालू. रविवारी उपासनेनंतरची बिर्याणीही चालू. "मावशी, तुम्ही झूमवर जॉइन करा ना," खजिनदार विल्सनकाका म्हणाले. मावशी मुलाच्या घरी दिवसभर एकटी असते. ती ड्राइव्ह करत नाही. नातवंडं तिला इंग्रजीत उत्तरं देतात. आठवड्यात तो एकच तास ती चारचौघींत बसून मनासारखं मराठी बोलते, आणि आम्ही तो कॅन्सल केला.

मला राग आला. अजून आहे. मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिते, त्यामुळे माणसांशी भांडायची सवय आहे. त्या आठवड्यात देवाशीही भांडले. तुझ्याच घराच्या दारात तुझ्या लेकी थंडीत उभ्या राहतात आणि तू गप्प बसतोस, मग मीही बोलत नाही जा, असं म्हणून मी प्रार्थना करणं सोडलं. पुढच्या गुरुवारी संडे स्कूलसाठी माझ्याकडे असलेल्या किल्लीने चर्चचं दार उघडलं आणि सगळ्याजणींना आत बसवलं. त्या प्रार्थनेला आल्या होत्या. मी कमिटीची जिरवायला आले होते.

आमच्यात कीर्तन खाली बसूनच होतं. म्हणून यंदा हिवाळ्याआधी बाक हलवून, नगरहून मागवलेल्या जाड सतरंज्या भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या होत्या. पाइप गोठू नयेत एवढ्यापुरता हीटर चालू होता, पण हॉल थंडगार. अंगावर कोट, डोक्याला शाली, अशा अवतारात आम्ही गीत सुरू केलं, तोच दार ढकलून एक अनोळखी अमेरिकन बाई आत आली. हातात चाकांचा वॉकर. तिची गाडी आमच्या पार्किंगमध्ये बंद पडली होती. टो ट्रक येईपर्यंत बसू का, असं विचारत होती. सतरंजीच्या काठाला वॉकरची चाकं अडकली.

"मावशी, तिला इथेच खुर्ची देते," मी म्हणाले.

"दाराच्या वाऱ्यात? तू कमिटीतच जा गं. सतरंजी गुंडाळ आणि तिला आमच्यात आण."

मी कुरकुरत गुंडाळायला लागले. हॉलच्या मध्यापर्यंत आले आणि हातांवर गरम हवा आली. जमिनीत लोखंडी जाळी होती. पुढे आणखी एक, मग आणखी एक. हीटरची सगळी तोंडं आम्ही भक्तिभावाने झाकून ठेवली होती. खोली तापत नव्हती म्हणून हीटर थांबत नव्हता, आणि बिल वाढत होतं. ती बाई त्या उबेत बसली. मावशीने तिचा हात धरून मराठीत लांबलचक प्रार्थना केली. बाईला एक शब्द कळला नसेल, तरी तिने "आमेन" म्हटलं. माझ्याही तोंडून ते निघालं, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग टो ट्रक आला आणि ती गेली. नाव विचारायचं राहिलं.

काकांना बोलावून दाखवलं. "अरे यार, या सतरंज्या मीच चांगल्या जाड बघून घेतल्या," ते म्हणाले.

"बघितल्यास रे बाबा," मावशी म्हणाली, "पण एकदा गुरुवारी बसला असतास त्यावर."

हा चमत्कार होता की योगायोग, यावर मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी भांडायला जागा अडवली होती आणि देवाने मला वाट मोकळी करायला लावलं. त्याच्या हातात सोपवणं म्हणजे गप्प बसणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. आधी हात कामाला लागतात, मग कळतं की काम त्याचं होतं. त्या अनोळखी बाईबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.

गुरुवारची प्रार्थना पुन्हा सुरू झाली. मावशीची माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही. "बिल कमी झालं, विषय संपला," असं मला सांगितलं जातं. विषय संपलेला नाही. हे वाचणाऱ्या तुमच्याही मंडळीत खर्च वाचवायला कोणाला तरी घरी बसवलं असेल. येत्या रविवारी उपासना संपायच्या आत उभे राहा, त्यांचं नाव मोठ्याने घ्या, आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागा.