सहीपुरती वैजयंती

लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या डॉक्टर श्रीकांतांच्या घरात फॉर्म भरायचे ते डॉक्टरांनीच. पासपोर्टचे, मुलीच्या शाळेचे, कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे. बायकोनं, वैजयंतीनं, फुली दाखवतील तिथे सही करायची. पोस्टानं मत देण्याची सोय झाली, तेव्हा तेही त्याच गठ्ठ्यात गेलं. तिला ते सोयीचंच होतं.

पण २००४च्या सप्टेंबरात गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती घरी अडकली आणि टीव्हीवर पक्षांच्या कॉन्फरन्सेस, म्हणजे वार्षिक अधिवेशनं, बघत बसली. तिथंच घोटाळा झाला. पहिल्या पक्षाचं भाषण ऐकून तिचे डोळे भरून आले. यांनाच मत, तिनं ठरवून टाकलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांनी पहिल्यांची अशी सालटी काढली की तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिसरे बोलले, आणि बाईसाहेब तिथंही विरघळल्या. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. दारात पडलेली पत्रकं पूर्वी सरळ कचऱ्यात जायची, आता ती पेन घेऊन वाचायची. शेजारच्या नीनाला तर तिनं प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. एका सकाळी दवाखान्यात जायला निघता निघता डॉक्टरांनी तिच्यापुढे पोस्टाच्या मतासोबत जोडायचे, साक्षीदाराची सही लागणारे दोन कागद सरकवले, एक तिचा, एक स्वतःचा.

"वैजू, इथे सही कर. साक्षीदार म्हणून मी करतो. माझ्यावर तू कर."

"माझी मतपत्रिका कुठाय?"

"पाकिटात. भरली मी, नेहमीसारखी."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, मला विचारलंत?"

"तुझं ठरलं होतं का काही?"

ठरलं नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

"नव्हतं. सात महिने डोकं शिणवतेय मी."

डॉक्टर हसले. "त्या भाषणांना भुललीस होय? अगं, दुसऱ्यांनी लिहून दिलेली असतात ती."

"असू देत. माझं मत मिळावं म्हणून त्यांनी मला पटवायचा प्रयत्न तरी केला. तुम्हाला लग्नाच्या बावीस वर्षांत कधी गरज वाटली?"

डॉक्टरांनी किल्ल्या उचलल्या, परत ठेवल्या.

तिनं त्यांच्या कागदावर साक्षीदाराची सही केली. स्वतःच्या कागदावर केली नाही. मतपत्रिका खराब झाली तर कौन्सिलच्या ऑफिसात बदलून मिळते, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं. ते वाचून तिनं पाकीट पर्समध्ये घातलं, कोट चढवला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी कौन्सिलच्या ऑफिसची बस पकडली. मत कुणाला द्यायचं, ते अजूनही ठरलं नव्हतं.