देवपुरातला गरम टॉवेल

धुळ्याच्या देवपुरात वैशाखातलं धुणं वाळायला वाट बघावी लागत नाही. शेवटचा कपडा पिळून दोरीवर जाईपर्यंत पहिला काढण्याजोगा झालेला असतो. ऊन इतकं सरळ उतरतं की सावलीही पायाखालून बाहेर यायला धजत नाही. अशा गावात, आमच्याच गल्लीत, चुडामण आबांनी टॉवेल गरम करायचा स्टँड बनवायला घेतला. आणि तोही कुणालाही, कुठेही, पान्याशिवाय जोडता येईल असा.

आबा सरकारी खात्यात अनुरेखक होते. इंजिनिअरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि रेघेवर रेघ ओढायची, हे त्यांचं काम. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचे बंधारे, दुसऱ्यांचे पूल आणि दुसऱ्यांच्या मोऱ्या उतरवून काढल्या. अक्षर मोत्यासारखं, पण मोती एवढे बारीक की वाचायला भिंग लागावं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या हातून स्वतःची अशी एकही रेघ निघालेली नाही. बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही आणि ते सुखाने हरिपाठाला बसतात.

ऐन थंडीत निवृत्त मंडळींची सहल मनालीला गेली. तिथल्या हॉटेलच्या न्हाणीघरात भिंतीवर एक चकचकीत नळ्यांची चौकट होती. आंघोळ करून आबांनी तिच्यावरचा टॉवेल ओढला, तोंडाला लावला आणि तसेच उभे राहिले. टॉवेल गरम होता. बाहेर सोबती दार वाजवत होते. पुढे आबा ही गोष्ट सांगताना नेहमी इथे थांबत आणि डोळे मिटत. सुगंधाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे बघून म्हणत की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा ह्यांनी असे डोळे मिटले नव्हते.

परत आल्यावर आबांनी रस्त्याकडची पुढची खोली ताब्यात घेतली. दारावर कागद लागला, ‘संशोधन व आरेखन’. आत ड्रॉइंगचा फळा, नळ्यांचे तुकडे, जुन्या इस्त्र्यांची पोटं फाडून काढलेल्या तारा. घरातल्या कुणीही झाडू घेऊन आत यायचं नाही, कारण कचरा आणि सुटे भाग यांतला फरक फक्त आबांना कळत होता.

खरं तर ती खोली त्यांच्या सुनेला हवी होती. रूपा आरीकाम करायची, ब्लाउजवर बारीक सुईने जरी आणि मणी भरायचं काम. तिच्या हाताखाली साध्या रेशमावर मोर उतरायचा तेव्हा बघणाऱ्याचा श्वास आपोआप हळू व्हायचा. पण तिची कापड ताणायची चौकट उभी होती स्वयंपाकघरामागच्या बोळात. नवरीकडच्या बायका माप द्यायला आल्या की आधी बैठक, मग देव्हारा, मग पेटलेला गॅस ओलांडून त्यांना तिथवर जावं लागे. एका शालूच्या ब्लाउजला लग्नाच्या दिवशी लसणाच्या फोडणीचा वास आला, आणि ती गोष्ट वरमाईने अख्ख्या देवपुरात सांगितली. लग्नसराई अंगावर आली होती. पुढची खोली मिळाली, तर रूपाचं दार रस्त्यावर उघडणार होतं. नाही मिळाली तर मोठी कामं शेजारच्या गल्लीत जाणार होती, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक ब्लाउजच्या बाबतीत माहेरी परत येत नाही.

तिचा नवरा नवल एस.टी.त कंडक्टर. त्याचं म्हणणं असं, की त्याचं काही म्हणणं नाही.

सुगंधाबाईंचं मात्र होतं. पारोळ्याकडच्या त्यांच्या बोलीत त्यांनी ते एकदाच सांगितलं.

“आठे टावेल दोरीवरच करपस, तेले आखो शेक कसाले?”

 आबा म्हणाले, आधी बाजाराचा अभ्यास करू.

अभ्यास त्यांनी केला. स्कूटर काढून ते नातेवाइकांकडे फिरू लागले. धुळं झालं, जळगाव झालं, बसने बोदवड आणि यावल झालं. प्रत्येक घरात चहा झाला की ते एकच प्रश्न विचारत, तुमच्याकडे टॉवेल किती? घरची बाई पेटी उघडे. आमच्याकडे अशी पेटी घरोघरी असते. लग्न असो, बारसं असो, दहावं-तेरावं असो, पाहुण्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल ठेवल्याशिवाय मान पुरा होत नाही. त्यामुळे पेटीत टॉवेलांच्या चवडी लागलेल्या असत. गुलाबी काठाचे, निळ्या चौकड्यांचे, मधोमध सोनेरी चिकटपट्टी असलेले. आबा ते पाहत आणि त्यांचा चेहरा उजळत जाई. एवढे टॉवेल! आणि एकाही घरात ते गरम करायची सोय नाही!

उठताना घरधनी त्यांच्याही डोक्यावर टोपी ठेवी, खांद्यावर टॉवेल टाकी. आबा तो टॉवेल पाठिंबा समजून घरी आणत. होळीपर्यंत त्यांच्याकडे इतका पाठिंबा जमला, की सुगंधाबाईंना दुसरी पेटी काढावी लागली.

मग आरेखन सुरू झालं. आबांचं तत्त्व थोर होतं: जोडणी इतकी सोपी हवी की चित्र बघून शेंबड्या पोरानेही ती करावी. म्हणून एकही स्क्रू नाही, चित्राच्या कागदावर एकही शब्द नाही. नळीत नळी सरकवायची आणि पिळायची. दिसायला सगळ्या नळ्या सारख्या. प्रत्यक्षात प्रत्येक नळी एकाच भोकात बसणार, आणि तीही एकाच बाजूने. का, तर त्याशिवाय आतली तार जुळत नाही. कोणती कुठे, हे नळीच्या पोटावर आबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मोत्यांच्या अक्षरात.

स्टँडला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पत्नीचं नाव सुचवलं. सुगंधाबाई म्हणाल्या, माझं नाव न्हाणीघरात टांगायचं नाही. नाव राहून गेलं.

पहिली चाचणी प्रेमराजमामांवर झाली. हे सुगंधाबाईंचे धाकटे भाऊ, रावेरला केळीच्या पॅकिंगवर असतात. बहिणीला भेटायला आले होते, सापडले. आबांनी त्यांच्यापुढे नळ्या ओतल्या, चित्राचा कागद दिला आणि स्वतः हाताची घडी घालून बसले. मामा घामाघूम होईपर्यंत नळ्या सरकवत होते. शेवटी जे तयार झालं ते उभं राहीना, म्हणून त्यांनी ते जमिनीवर आडवं ठेवलं. दोन लांब नळ्या, मध्ये आडव्या पट्ट्या.

“दाजी,” मामा हळूच म्हणाले, “माले वाटस, हाई चौघास्नी उचलानं काम शे.”

खरंच ती तिरडीसारखी दिसत होती. सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला आणि भावाला आधी आंघोळीला पाठवलं. आबा म्हणाले, चूक डिझाइनची नाही, वापरणाऱ्याची आहे.

रूपा दारात उभी होती. बोटात सुई तशीच. तिने आजवर सासऱ्यांपुढे खोलीचा विषय काढला नव्हता. त्या दिवशी काढला, आणि आवाज चढवला नाही.

“आबा, आखाजीला पाहुणे येतील. त्यांनी हा स्टँड जोडला आणि त्यावर ओला टॉवेल वाळला, तर खोली तुमची. मी पुन्हा मागणार नाही. नाही जमलं तर माझी.”

प्रेमराजमामा साक्षीला होतेच. आबांनी मान हलवली. इतक्या सोप्या अटीवर कुणी पैज लावतं, याचं त्यांना वाईटच वाटलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि जेवणानंतर अख्खं गाव एका कुशीवर होतं. त्या दुपारी मात्र आबांनी कुणालाही आडवं होऊ दिलं नाही. प्रेमराजमामा आले होते, आबांची थोरली बहीण धुरपदाबाई आल्या होत्या, शिवाय तिघे-चौघे भाऊबंद. डोळ्यांत रस उतरलेला, पोटात पोळ्या. त्या अवस्थेत त्यांना पुढच्या खोलीत बसवून आबांनी प्रगती, पाश्चात्त्य देश आणि कोरडं अंग यांवर भाषण केलं. मग नळ्या मांडल्या.

पुरुष मंडळी कामाला लागली. कुणी सरकवत होतं, कुणी पिळत होतं, उरलेले सल्ला देत होते. एकाने भिंग मागितलं. दुसरा म्हणाला, भिंग लागतं तर सोपं कसं? आबा बोलायला तोंड उघडत आणि रूपाकडे बघून मिटत, कारण त्यांनी मदत करायची नाही असं ठरलं होतं. शेवटी प्रेमराजमामांचा संयम संपला. केळीच्या गाडीत माल आवळतात तशी त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि चारही कोपरे गच्च बांधून टाकले. स्टँड उभा राहिला. जरा वाकडा, पण उभा.

रूपाने सुतळीकडे पाहिलं. अटीत सुतळीचा उल्लेख नव्हता. ती बोटं पदरात गुंडाळत राहिली.

आता ओला टॉवेल हवा होता. आबांनी सुगंधाबाईंना पेटीतला एखादा चांगला आणायला सांगितला, गुलाबी काठाचा. सुगंधाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ते मानाचे आहेत. आबा म्हणाले, मानाचे असले तरी टॉवेलच ना, भिजव एक. तेव्हा धुरपदाबाईंनी डोळे उघडले.

“मानना टावेल कोन भिजाडस, भाऊ?”

 आबांनी एकेकाकडे पाहिलं. भाऊबंदांनी नजर खाली घातली. प्रत्येकाच्या घरी पेटी होती, आणि पेटीतला टॉवेल पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर जायचा, तिथून तिसऱ्याच्या पेटीत. पाण्याची आणि त्याची गाठ जन्मात पडत नव्हती. आबांनी मोजलेल्या त्या सगळ्या चवडींतला एकही टॉवेल कधी ओला झाला नव्हता, आणि होणारही नव्हता. ज्याने जन्मभर असेच टॉवेल घेतले आणि दिले, त्याला हे कुणी सांगायला हवं होतं असं नाही. पण बाजाराच्या अभ्यासात माणूस स्वतःच्या घरात बघत नाही.

“मग अंग कशाने पुसता?” आबांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

पंचाने, असं तीन-चार जण एकदम म्हणाले. आबाही पंचानेच पुसत.

तेव्हा पंचा आणला. तो दोरीवर कडक वाळून पडला होता. नवलने तो बादलीत बुडवला, पिळला आणि सुतळीने बांधलेल्या स्टँडवर पसरला. आबांनी बटण दाबलं आणि तापमान, तारा आणि नळीची जाडी यांविषयी बोलायला सुरुवात केली. उघड्या दारातून झळा येत होत्या. मध्येच कुणीतरी वर पाहिलं. पंखा थांबला होता. लाईट गेली होती, बहुधा बटण दाबायच्या आधीच. पाहुणे वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेऊ लागले. आबांनी पंख्याकडे पाहिलं, मग रूपाकडे, आणि ते बोलतच राहिले.

त्यांचं बोलणं संपेना म्हणून प्रेमराजमामा उठले आणि त्यांनी पंचाला हात लावला. तो वाळला होता. नुसता वाळला नव्हता, चांगला गरम होता. एका भाऊबंदाने टाळी वाजवली, त्याला वाटलं आता झोपता येईल. मग सगळ्यांनीच वाजवली.

इथे आबांना दोन वाटा होत्या. लाईट नाही, पुन्हा बघू, असं म्हणणं ही एक. पण टाळी वाजत होती, आणि उभ्या हयातीत त्यांच्या रेघेसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

“बघा,” आबा म्हणाले. “विजेचीसुद्धा गरज नाही. हीच डिझाइनची कमाल आहे.”

धुरपदाबाई हसल्या नाहीत, पण त्यांचे खांदे हलले. रूपा पुढे आली. तिने पंचा काढला, घडी घातली आणि तो सासऱ्यांच्या हातात दिला.

“खरंय, आबा. तुम्ही जिंकलात,” ती म्हणाली. “पण वीज लागत नाही तर हा इथे कोंडून कशाला ठेवायचा? अंगणात ठेवू. उन्हात अजून लवकर वाळेल. नळ्या, फळा, सगळं तिकडेच हलवू, ओसरीवर मोकळं बसा. मामा, जरा हात लावा.”

मामांनी लावला. नवलनेही लावला, आणि लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने काहीतरी म्हटलं: सांभाळून. आबांना आक्षेप घ्यायला जागा नव्हती. वीज लागते असं म्हणावं, तर कमाल जाते. लागत नाही म्हणावं, तर खोली. ते पंचा हातात धरून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मनालीतलंच काहीतरी होतं, फक्त आता डोळे उघडे होते.

संध्याकाळी दारावरचा कागद निघाला. रूपाची चौकट पुढच्या खोलीत आली. खिडकीतून आडवा प्रकाश ताणलेल्या कापडावर पडला आणि अर्धवट भरलेला मोर एकदम हिरवा दिसला.

दोन दिवसांनी माप द्यायला आलेल्या एका नवरीने अंगणातल्या त्या वाकड्या चौकटीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे.

“आमच्या आबांचं डिझाइन,” रूपा सुईवरची नजर न काढता म्हणाली. “टॉवेल वाळवतो. लाईट लागत नाही.”

ओसरीवरून आबांचा आवाज आला. “पानाही लागत नाही.”

“हो, पानाही लागत नाही,” रूपा म्हणाली.

सुतळीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.