काकूंचं बेट

फुलांची टोपली गिऱ्हाइकाकडे तिरपी करायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचं, "तूच पाह्य वं बाई, मले काय समजते." अकोल्याच्या जठारपेठेत, आमच्या शेजारी, स्वतःच्या घराच्या पायरीवर रोज सकाळी फुलं विकणाऱ्या काकूंची ही रीत. फुलं त्यांच्याच मळ्यातली, तोडणी त्यांच्याच हातची, तरी शेवंती ताजी की शिळी हे गिऱ्हाइकानं ठरवायचं! अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. चहा घेता की सरबत विचारा, 'काहीही चालेल' म्हणून आपल्यालाच वैताग आणतात.

काकूंनी आयुष्यात काही निवडलंच नव्हतं. नवरा वडिलांनी पाहिला, लुगडी नवऱ्यानं आणली. घराचा पोपटी रंगसुद्धा रंगाऱ्याकडे उरला होता म्हणून लागला. मी चिडायचे. "काकू, पण तुम्हाला काय आवडतं?" त्या नुसत्या हसायच्या आणि माझ्या पुडीत चार फुलं जास्तीची टाकायच्या.

काका गेल्यानंतरच्या दिवाळीत, पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा घरी आला आणि म्हणाला, "आई, तुले ग्रीसले नेतो. समुद्र दाखवतो. बेटं लय हायेत, पण एकच जमन. कोनतं, ते तू ठरव." पोराचं बोलणं मनापासूनचं होतं. काकूंनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. सल्ला द्यायला मला बोलावलं, कारण मी एकदा गोव्याला जाऊन आले होते.

पायरीवरच लॅपटॉप उघडला. सँटोरिनीची पांढरी घरं आणि निळे घुमट आले. मिकोनोसच्या पवनचक्क्या आल्या. मग क्रीट, त्याचे डोंगर, त्याचे किनारे. मुलगा आणि मी सँटोरिनीवर एकमत करून मोकळेही झालो.

"काकू, बघा तरी किती सुंदर!"

"सुंदरच हाये. तुमीच पाहा."

मग एक लहानसं बेट आलं. त्याचं नाव मला आजही धड घेता येत नाही. फोटोत एक उतरती गल्ली होती, निळं दार होतं आणि दाराच्या पायरीवर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बाई मांडीवर हात ठेवून बसली होती. मुलानं तो फोटो पुढे सरकवला.

"मांगं घे," काकू म्हणाल्या. पडद्याजवळ वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हे."

"हे काय?"

"हे बेट. बाकी ठिकानी घरंच घरं, मानूस कुठी हाये? इथं बाई बसून हाये. मले तिच्यापाशी जाचं."

मुलगा आधी हसला, मग समजावायला लागला, मग वैतागला. "आई, तिथं विमान जात नाही. बोटीत तुले ओकाऱ्या होतीन."

"होऊ दे."

"सगळे सँटोरिनीले जातात!"

"तं जाऊ दे न त्याईले. तूच म्हनला न, तू ठरव म्हून? का उगाच म्हनला?"

काकूंची नजर फोटोवरून हलली नाही. या बाईला मी इतकी वर्षं रोज पाहत होते आणि ओळखतच नव्हते. मुलानं तेच बेट ठरवलं.

अकोला तापायला लागलं तेव्हा ते गेले. परत आल्यावर मी विचारलं, "समुद्र कसा होता, काकू?"

"जवसाचं वावर फुलते न, तसं निळं. पन बांधच नाई वं कुठी! बोटीतच मले हात जोडल्या गेले."

"आणि ओकाऱ्या?"

"झाल्या न. लय झाल्या."

"ती बाई भेटली?"

काकूंनी टोपलीतली फुलं उगाच सारखी केली. "दार बंद होतं. शेजारनीले फोटो दाखवला, तं तिनं वरतं बोट केलं. पोरानं फोनवर भाषा फिरवून इचारलं, हिवाळ्यातच गेली म्हने. मंग मीच बसली तिच्या पायरीवर. रिकामी पायरी बरी नाई दिसत."

त्या तशा बसल्या असताना मुलानं त्यांचा फोटो काढला आणि इंटरनेटवर त्या बेटाच्या फोटोंमध्ये टाकून दिला.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. शेजारचं दार आता बंद असतं. पूजेची फुलं मी चौकातून आणते. तिथला माणूस टोपली तिरपी करत नाही, मोजून पुडी हातात देतो. काकूंची फार आठवण येते.

परवा तशीच आठवण आली म्हणून फोनवर ते बेट उघडलं. निळं दार, आणि पायरीवर हिरव्या लुगड्यातल्या आमच्या काकू, हात मांडीवर. खाली कुठल्याशा देशातल्या जोडप्यानं लिहिलं होतं, 'आमचं बेट ठरत नव्हतं. या आजींना पाहिलं आणि ठरलं. त्या अजून इथे बसतात का?'

मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. येऊ देत त्यांना. दार बंद दिसलं तर बसतील थोडा वेळ पायरीवर.