बांधावरची तूर आणि नवं जनुक

कर्जतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. डीएनएच्या ज्या भागातून प्रथिनं बनत नाहीत, त्याला मी वर्षानुवर्षं ‘अडगळ’ म्हणत आलो. नवं जनुक कुठून येतं, याचं माझं उत्तर एकच असे: जुन्याची प्रत होते आणि ती बदलत जाते.

पोशीरच्या एका मुलीनं चाचणीत वेगळंच लिहिलं. ‘भात खाचरात होतं, बांध नुसता पाणी अडवायला. पण त्याच बांधावर तूर टोचली की तीही येते. तसं डीएनएच्या मोकळ्या भागातून नवं जनुक का येऊ नये?’ मी लाल शाईनं काट मारलीच, वर ते वर्गात वाचून दाखवलं. “हिला तुरीचं जनुक सापडलंय,” म्हणालो. वर्ग हसला. त्यानंतर तिनं माझ्या तासाला काहीच विचारलं नाही.

पुढे एकदा वाचनात आलं, की थंड समुद्रातल्या काही माशांत रक्ताचा बर्फ होऊ न देणारं प्रथिन असतं, आणि त्याचं जनुक कुठल्याही जुन्या जनुकाची प्रत नाही. माझ्या अडगळीतच लहान लहान बदल होत ते घडलं. फळमाश्यांतही अशी जनुकं सापडली होती. पोशीर काही लांब नाही. तरी तिला सांगायला मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात साखर तपासायला लॅबमध्ये गेलो, तर सुई घेऊन समोर तीच.

“मूठ आवळा, सर.”

मी एका दमात सगळं सांगितलं. मासा, माश्या, माझी चूक, ते हसणं.

“हात हलवू नका,” ती म्हणाली. “पण मोकळ्या भागात ते सुरू कसं होतं? पेरतं कोण?”

“कुणीच नाही. पेशी तिथलंही अधूनमधून काहीबाही वाचते. त्यातलं एखादं कामी आलं तर टिकतं. बाकीचं बहुतेक पुसलं जातं.”

“मग माझं उदाहरण चुकलंच की! तूर तर आमची आई टोचते.” ती म्हणाली. “तेव्हा एवढं बोलला असतात तर भांडले असते मी तुमच्याशी.”

कापूस दाबून मी बाहेरच्या बाकावर बसलो. जरा वेळानं तिनं दारातून डोकं काढलं.

“सर, तो मासा कुठला म्हणालात?”

मी लगेच उठलो.

“आवं, तुमचं झालं ना?” रांगेतली म्हातारी करवादली.